रपटा वाहून गेला, पैसे कोणत्या हेडमधून?

2025 च्या पावसात आमच्या वावराकडचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून गेला. पाइप एकीकडं, मुरूम दुसरीकडं. आता बंडी न्यायची तर दुसऱ्या गावावरून फेरा. लोक सरपंचाले धरतात, "वित्त आयोगाचे पैसे आले ना बे, टाक की दोन पाइप!" सरपंच म्हणते पैसे हायेत, पण पाण्याचे हायेत. कोणाले पटत नाही, पण खरंच आहे राजेहो.

15 व्या वित्त आयोगाचा निधी (2021 ते 2026 वाला) जो आला त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी अन स्वच्छता, बस. उरलेल्या 40 टक्क्यात रस्ता, नाली, दिवे, शाळेचं छप्पर, सगळं कोंबायचं. आपल्या राज्यात या निधीतले 80 टक्के ग्रामपंचायतीले अन 10-10 पंचायत समिती, जिल्हा परिषदेले, ऐकायले भारी वाटते, पण लहान गावाच्या वाट्याले येऊन येऊन किती येईल!

बरं, पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरच्या गावाच्या आराखड्यात काम असल्याशिवाय निघत नाही. आता पावसाच्या आधी केलेल्या आराखड्यात वाहून गेलेला रपटा कुठून राहील? बदल करा म्हटलं तर ग्रामसभा, अन कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. सोयाबीनच्या सोंगणीत तेवढे कोण येते?

आपत्तीचा पैसा वेगळाच. राज्य आपत्ती निधीत केंद्राचे 75, राज्याचे 25 टक्के, पण त्यातली पिकाची मदत 33 टक्के किंवा जास्त नुकसान झालं असा पंचनामा झाला तर तहसीलमार्फत शेतकऱ्याच्या खात्यात. ग्रामपंचायतीचा त्यात हात नाही.

1993 ले 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, 29 विषयांची यादी पंचायतीसाठी केली, पण सोबत जो पैसा येते तो बहुतेक दावं लावूनच येते असं माझं मत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं म्हणूनच कौतुक वाटते, 2009 ले सामूहिक वनहक्क भेटला, पुढं बांबू विकून ग्रामसभेकडं स्वतःचा पैसा आला, त्याचं काय करायचं ते गावच ठरवते. आमच्याकडं ना जंगल ना बांबू. घरपट्टी अन पाणीपट्टी, तेवढाच काय तो बिनदाव्याचा पैसा.

त्या दिवशी सरपंचावर सगळ्यात मोठ्यानं ओरडला त्याची घरपट्टी किती वर्षाची बाकी आहे ते ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलेलं आहे, मी नाव नाही सांगत.