उलाळ गाडी

आमच्या पुढच्या खोलीतला सोफा गेले तीन आठवडे भिंतीला उभा करून ठेवलाय. त्याच्या जागी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा एक आयत आहे, 244 सेंटिमीटर लांब आणि 152 रुंद. हा आमचा होऊ घातलेला कॅम्पिंग ट्रेलर. पाहुणे आले की वळसा घालून जातात. एकांनी विचारलं, इथे काही झालं होतं का?

आधी मी कागदावर आखत होते. चौकटीच्या वहीत पलंग, मागे ओटा, वर कपाटं, सगळं छान बसायचं. कागदावर सगळंच बसतं. लांबी 244 घेतली कारण प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची येते आणि बाजूची भिंत एका शीटमध्ये, जोड न देता निघते. रुंदी चार फूट ठेवली असती तर जमीनही एका शीटमध्ये निघाली असती. पण दोन्ही भिंतींची जाडी वजा केली तर आत 117 उरतात, आणि नवरा झोपेत हात पसरतो. म्हणून पाच फूट. जमिनीला एक जोड आला तर आला.

पट्टी चिकटवून त्यात गादी टाकली आणि दोघं झोपून पाहिलं. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की रात्री उठायचं तर एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागणार. तिथल्या तिथे एका दाराची दोन दारं झाली. नवऱ्याची उंची 178, पलंग 190 धरला, म्हणजे ओट्याला उरले जेमतेम 54. त्यावर जुना उपाय असा की पायांच्या वर जागा रिकामी असते, तिथे ओट्याची वरची कपाटं आत ओढून घ्यायची. पुठ्ठ्याचं खोकं दोन स्टुलांवर ठेवून तेही करून पाहिलं. कूस बदलताना नवऱ्याचा गुडघा खोक्याला लागला. खोकं दहा सेंटिमीटर वर गेलं. अशी मापं वहीत सापडत नाहीत.

मग बाबा आले. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं आणि त्याच्याही आधी, लहानपणी, बैलगाडी हाकली. चहाचा कप हातात धरून ते पट्टीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "चाकं कुठायत?"

मी मधोमध खडूची रेघ दाखवली. मध्य म्हणजे मध्य, 122 वर.

"आणि ओटा, पाणी, बॅटरी?"

"सगळं मागे. एका ठिकाणी राहील ना."

"अगं, ही उलाळ होणार."

उलाळ म्हणजे मागे जास्त भार पडून पुढचा भाग वर उचललेली गाडी. बैलगाडीत जू वर उठतं. ट्रेलरमध्ये तो भार कपलरला, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला अडकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, आणि त्याबरोबर त्या गाडीच्या मागच्या बाजूलाच वर ढकलतो. मागून जड असलेला ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलायला लागतो, आणि एकदा तो झोका वाढत गेला की गाडीसकट फिरवू शकतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार कपलरवर यावा असा नियम आहे. फार जास्तही नको, नाहीतर पुढच्या गाडीची मागची बाजू बसते आणि तिच्या पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो.

हा नियम मी वाचला होता. पण मी आखणी करत होते ती घराची, आणि घराला चाकं नसतात.

मी हिशेबनीस. उलाळ म्हटल्यावर मला एकदम खतावणी दिसली. अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पुढचं सगळं जमा, मागचं सगळं नावे. रक्कम म्हणजे किलो गुणिले अ‍ॅक्सलपासूनचं अंतर. जमेतून नावे वजा करायचं आणि बाकीला अ‍ॅक्सल ते कपलर या अंतराने भागायचं, की कपलरवरचा भार निघतो. अ‍ॅक्सल आणि चाकं स्वतः शून्यावर, त्यांचं खातंच नाही.

अंदाजाची वजनं अशी धरली: सांगाडा आणि प्लाय मिळून 230 किलो, त्यांचा मध्य अ‍ॅक्सलच्या 30 सेंटिमीटर पुढे, म्हणजे जमा 6900. गादी-पांघरुणं 20 किलो, जमा 500. नावे बाजूला ओटा भांड्यांसकट 55 किलो 95 वर, म्हणजे 5225. चाळीस लिटर पाणी म्हणजे बरोबर चाळीस किलो, 90 वर, 3600. शिशाची 100 अँपिअर-अवरची बॅटरी 28 किलो, तीही 90 वर, 2520. बाकी निघाली उणे 3945. कपलर 232 वर, म्हणजे भार उणे सतरा किलो! इतक्या वर्षांत तोट्यातले ताळेबंद पुष्कळ पाहिले, पण हा माझ्या हातचा होता.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत फरशीवर बसून पट्ट्या उपटत होते. अ‍ॅक्सल 20 सेंटिमीटर मागे नेला. बॅटरी पुढे, ट्रेलर ओढायच्या दांड्यावरच्या पेटीत गेली. गॅसची टाकी दुसऱ्या, वेगळ्या, खालून उघड्या पेटीत ठेवायची, कारण तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि बॅटरीच्या जोडावर ठिणगी पडू शकते. पाण्याची टाकी पलंगाखाली घेतली, एक मीटर लांब, 40 रुंद आणि फक्त 10 उंच, अ‍ॅक्सलच्या जरा पुढे.

टाकीची ही जागा मला सगळ्यात जास्त आवडली. बाकीच्या वस्तू आहेत तेवढ्याच राहतात, पाणी मात्र रोज कमी होतं. जुन्या जागेवर टाकी भरली की कपलरवरचा भार साडेपंधरा किलोंनी घटणार आणि रिकामी झाली की तेवढाच वाढणार होता. आता टाकी भरलेली असो की कोरडी, फरक अडीच किलोंच्या आत. ज्याचं वजन बदलतं ते चाकांजवळ ठेवावं, हे बैलगाडी हाकणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नसणार.

नवा हिशेब: जमा 17480, नावे फक्त ओट्याचे 4125. बाकी 13355 भागिले 252, म्हणजे 53 किलो. अ‍ॅक्सल आणि चाकं धरून एकूण वजन 443, बरोबर बारा टक्के. मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "स्टेपनी धरलीस का?"

नव्हती धरली. (स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली. ही माहिती रात्री अडीच वाजता मी त्याला दिली. त्याने पांघरूण डोक्यावर घेतलं.) पंधरा किलोंचं चाक मागच्या फळीवर टांगलं तर भार 47 किलोंवर येतो, दहा टक्क्यांच्या काठावर. पुढे ठेवलं तर 62, साडेतेरा टक्के. पुढेच ठेवणार. मागे आणखी एखादी पिशवी टाकायची मोकळीक राहते, आणि आमच्याकडे आणखी एखादी पिशवी नेहमीच असते.

अ‍ॅक्सल मागे सरकवूनही दार अडलंच. दाराची जागा होती पुढून 60 ते 130 सेंटिमीटर. चाकावरचं मडगार्ड आता 107 पासूनच सुरू होतं. दार पुढे सरकवून पाहिलं, तर उघडताना हात थेट उशीवर पडतो आणि आत शिरायला अंग दुमडावं लागतं. बाबांनी वर्तमानपत्राचा कागद दाराच्या मापाचा कापला, भिंतीला लावला आणि मडगार्डच्या जागी स्टीलचं ताट धरून मागचा खालचा कोपरा गोल कापून टाकला. दार जागच्या जागी राहिलं. जुन्या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरांचे फोटो पाहिले, तर कितीतरी दारांचा कोपरा तसाच कापलेला. मला ती इतके दिवस नक्षी वाटत होती.

ओट्याची उंची सोपी निघाली. ट्रेलरची जमीन रस्त्यापासून 45 वर, त्यावर 45 चा ओटा, बाहेर उभं राहून काम करायला 90 होतात. हवेसाठी छताला एक झरोका आणि खाली एक जाळी. दोन माणसांच्या नुसत्या श्वासाने रात्रीत काचा ओल्या होतात. गादीखाली अखंड प्लायऐवजी पट्ट्या, तिथेही ओल धरते म्हणून.

सांगाडा आला की पहिलं काम म्हणजे बाथरूममधला वजनकाटा कपलरखाली ठेवणं. माझी 230 ही रक्कम अंदाजाची आहे, आणि अंदाजावर सही करायची मला सवय नाही. बाबांनी दाराचा कागद घडी घालून माझ्या वहीत ठेवलाय. त्यावर पेन्सिलीने लिहिलंय, "डावं. उजवं उलट कापणे."