विंडोज १० चे एक अपडेट आणि ८००७०६४३ हा आकडा

विंडोजचे अपडेट अडले की बहुतेक जण आधी एररचा आकडा शोधू लागतात, पण माझ्या मते त्याआधी अपडेट हिस्टरीत जाऊन नेमके कोणते अपडेट अडले आहे त्याचा केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटला देते तो ओळख क्रमांक) पाहावा. ८००७०६४३ असे आकडे असलेला एरर हे याचे चांगले उदाहरण आहे. 'इन्स्टॉल करताना काहीतरी बिघडले' एवढाच त्याचा अर्थ असल्यामुळे तो डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या अपडेटलाही येतो आणि अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या डॉटनेट या घटकाच्याही, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे कारण वेगळे असते.

९ जानेवारी २०२४ रोजी आलेले केबी ५०३४४४१ हे विंडोज १० चे सुरक्षा अपडेट याच एररने असंख्य संगणकांवर अडले. संगणक प्रत्यक्ष हाती लागलेला कोणी बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयीचे, कुलूप चुकवू शकेल अशी एक फट विंडोजच्या रिकव्हरी व्यवस्थेत (विंडोज सुरू होत नसेल तेव्हा दुरुस्तीसाठी असते ती) होती आणि ती बुजवण्यासाठी हे अपडेट होते. ही व्यवस्था डिस्कवरच्या एका लहान, नजरेआड असलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात, राहते. अपडेटला तिथे सुमारे २५० एमबी मोकळी जागा हवी होती, मात्र विंडोजने स्वतःच पूर्वी पाडलेली ही पार्टिशने अनेक संगणकांवर साधारण ५०० एमबीचीच होती आणि जवळजवळ भरलेली होती. सी ड्राइव्हवर शंभर जीबी मोकळे असले तरी त्याचा इथे काहीच उपयोग नव्हता. 'जागा अपुरी आहे' असे सरळ सांगण्याऐवजी पडद्यावर वरचा मोघम आकडा येई, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले. त्यामुळे विंडोजचा दुरुस्ती करणारा ट्रबलशूटर चालवणे, डाउनलोड झालेली अपडेट्स साठवणारे सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन फोल्डर रिकामे करणे किंवा पुन्हापुन्हा 'रीट्राय' दाबणे हे एरवीचे उपाय इथे निष्फळ ठरत होते.

खरा उपाय पार्टिशन वाढवण्याचा आहे आणि तो कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, करावा लागतो. आधी रीएजंटसी या कमांडने रिकव्हरी व्यवस्था कोणत्या डिस्कवर आणि कितव्या पार्टिशनमध्ये आहे ते पाहायचे, मग ती बंद करायची, डिस्कपार्ट या पार्टिशन हाताळणाऱ्या साधनात सी ड्राइव्ह २५० एमबीने आखडायचा, जुने रिकव्हरी पार्टिशन काढून त्या सगळ्या जागेत नवे करायचे आणि व्यवस्था पुन्हा चालू करायची. यातला 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' हा टप्पा मात्र जिवावर बेतणारा आहे, कारण डिस्कपार्ट 'खात्री आहे ना?' असे विचारत नाही. अनेक लॅपटॉपवर कंपनीचे स्वतःचे एक वेगळे रिकव्हरी पार्टिशनही असते, दोन्हींवर 'रिकव्हरी' असेच लिहिलेले दिसते आणि त्यातले चुकीचे निवडले की ते गेलेच. म्हणून रीएजंटसीने दाखवलेला पार्टिशन क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. व्यवस्था बंद केल्यावर तिची विनआरई नावाची फाइल सिस्टम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत आली आहे का, हेही डोळ्यांनी पाहावे. ही फाइल लपवलेली असते. ती तिथे नसेल तर पुढचे पाऊल टाकूच नये. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय तर या वाटेला जाऊच नये.

माझे मत विचाराल, तर घरातून कधी न हलणाऱ्या आणि बिटलॉकर नसलेल्या डेस्कटॉपसाठी हा सगळा खटाटोप करण्याची गरज नव्हती. ज्या संगणकावर रिकव्हरी व्यवस्था चालूच नाही, तिथे हे अपडेट लागत नाही आणि एररकडे दुर्लक्ष करावे, असे मायक्रोसॉफ्टनेही सांगितले होते. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तो चोरीला जाऊ शकतो, आणि विंडोजच्या होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (बिटलॉकरचेच साधे रूप) मालकाच्या नकळत चालू असू शकते. ते सेटिंग्जमध्ये तपासावे, आणि चालू असेल तर पार्टिशनला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की, म्हणजे हे कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, लिहून ठेवावी.

ऑगस्ट २०२४ मध्ये या अपडेटची जागा केबी ५०४२३२० ने घेतली. मोकळ्या २५० एमबीची अट मात्र त्यालाही होतीच.