मालवणच्या पाण्यात डायव्हर सांभाळताना

मालवणला जाण्यासाठी मी माघातल्या वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस मुद्दाम निवडले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ वाढते आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, त्यामुळे पाणी त्यामानाने संथ राहते आणि बऱ्यापैकी निवळते. स्कूबासाठी येणारे बहुतेक पर्यटक मात्र तिथी न पाहता शनिवार-रविवार पाहून येतात, आणि दोन-तीन मीटरपलीकडचे काही दिसत नाही अशा गढूळ पाण्यातही त्यांना सुखरूप खाली नेऊन वर आणण्याचे काम तिथल्या तरुण प्रशिक्षकांच्या माथी येते. डाइव्हमास्टरचा, म्हणजे इतर डायव्हरांना पाण्याखाली नेणाऱ्या मार्गदर्शकाचा अभ्यासक्रम पूर्ण करताना मला हेच काम शिकायचे होते, म्हणून एका परिचित प्रशिक्षकाबरोबर होडीवर राहण्याची आणि त्याच्यामागोमाग पाण्यात उतरण्याची परवानगी मी आधीच मागून घेतली होती.

किनाऱ्यावरून होडीने निघाले की सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून त्याच्या समुद्राकडच्या अंगाला जावे लागते. 1664 साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या आसपासचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात मोडते. खडकांवर प्रवाळ आहेत, पोपटमासे आणि पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे आहेत, आणि खोली जेमतेम सहा-सात मीटर आहे. आमच्या होडीत सांगलीकडचे एक कुटुंब, पुण्याहून आलेले मित्रमंडळ आणि इचलकरंजीचे एक जोडपे होते. त्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नव्हते.

आमच्या प्रशिक्षकाचे खरे काम नांगर पडण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. प्रकृतीविषयीचा अर्ज तो नुसता सही करून घेत नसे, त्यातला प्रत्येक प्रश्न मोठ्याने विचारत असे: दमा आहे का, फिट येते का, हृदयाचे काही दुखणे, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपणाची शक्यता, आणि सर्वांत शेवटी, आज सर्दी आहे का. सर्दीचा प्रश्न लोकांना हास्यास्पद वाटतो. पण नाक चोंदलेले असेल तर कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करता येत नाही, आणि ती वेदना पहिल्या एक-दोन मीटरमध्येच सुरू होते. पुण्याच्या एका मुलाने सर्दीची गोळी घेतल्याचे सांगताच प्रशिक्षकाने त्याला होडीतच बसवले. पैसे परत करतो म्हटले तरी तो मुलगा चिडला होता, मित्रांनीही त्याची बाजू घेतली, पण प्रशिक्षक बधला नाही. गोळीचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडायला वाट सापडत नाही, हे त्याने शांतपणे दोनदा समजावले.

त्यानंतरची सूचना एकच, पण ती त्याने प्रत्येकाकडून म्हणवून घेतली: श्वास कधीही रोखायचा नाही. यामागचे कारण सांगणे मला स्वतःला फार आवश्यक वाटते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. सहा मीटरवर तो सुमारे 1.6 पट असतो. तिथे टाकीतली हवा पूर्ण भरून घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर तीच हवा दीडपटीहून अधिक फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. यासाठी फार खोल जावे लागत नाही, दीड मीटरच्या आतबाहेरही ती होऊ शकते. 'उथळ पाणी आहे, काय होणार' हे होडीवर सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच मला धोक्याचे वाटते, कारण दाबातला सर्वांत मोठा सापेक्ष फरक याच पहिल्या दहा मीटरमध्ये पडतो.

मालवणला नवख्या पर्यटकाबरोबर एक प्रशिक्षक अशी जोडी लावलेली मी पाहिली. डायव्हिंग संस्थांच्या नियमांत परिचयात्मक डाइव्हसाठी खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे चार जण ही कमाल मर्यादा असते आणि खोली 12 मीटरपर्यंत असते. पण ते चार जण आधी उथळ, बंदिस्त पाण्यात मुखवट्यातले पाणी काढणे आणि तोंडातून निसटलेले रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात आणणारे उपकरण) पुन्हा लावणे एवढे तरी शिकलेले असतात असे गृहीत धरलेले असते. इथे होडीच्या शिडीला धरून झालेल्या पाच-दहा मिनिटांच्या सरावावर सगळे अवलंबून असल्यामुळे एकास एक याहून सैल प्रमाण मला तरी मान्य होणार नाही.

पाण्याखाली प्रशिक्षकाची जागा ठरलेली होती. तो पर्यटकाच्या मागे आणि किंचित वर राहत असे, एक हात टाकीच्या तोंडाशी आणि दुसरा त्याला तरंगते ठेवणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरण्याच्या नळीजवळ. दर काही क्षणांनी तो खाली वाकून डोळ्यांत पाहत असे. घाबरलेला माणूस पाण्याखाली ओरडू शकत नाही. डोळे विस्फारतात, बुडबुड्यांच्या दोन झोतांमधले अंतर कमी होते, आडवे शरीर उभे होऊ लागते आणि हात मुखवट्याकडे जातो, एवढ्यावरूनच ते ओळखायचे. इचलकरंजीच्या गृहस्थांच्या मुखवट्यात मिशीमुळे थोडे थोडे पाणी शिरत होते. त्यांचा हात वर जाताच प्रशिक्षकाने तो अलगद धरला, त्यांचे रेग्युलेटर दुसऱ्या हाताने जागेवर दाबून ठेवले, आणि त्यांची नजर आपल्या नजरेत अडकवून संथ श्वासाची खूण करत राहिला. ते सावरल्यावरही त्याने डाइव्ह पुढे रेटली नाही; हळूहळू वर आणून त्यांना आधी होडीचा दोर धरायला दिला, जॅकेट पूर्ण फुगवले, आणि मगच रेग्युलेटर काढू दिले. पृष्ठभागावर पोचताच तोंडातले सगळे काढून फेकण्याची घाई अनेकांना होते, आणि जॅकेट फुगलेले नसेल तर माणूस तिथेच गटांगळ्या खातो.

अंगठा वर करणे या खुणेचीही एक गंमत आहे. डायव्हरच्या भाषेत तिचा अर्थ 'वर चला' असा होतो, आणि कॅमेरा समोर आला की दर दुसरा पर्यटक तोच अंगठा उंचावतो. प्रशिक्षकाने अशा वेळी अंदाज बांधत बसू नये, अंगठा दिसला की वर निघावे, असे मला शिकवले गेले होते. आमचा प्रशिक्षकही तसेच करत असे, मग व्हिडिओ अर्धवट राहिला तरी चालेल. व्हिडिओ हा या धंद्याचा मोठा भाग झाला आहे हे खरे, परंतु पर्यटकाला धरणाऱ्याच्याच हातात कॅमेरा देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्यटकांची एवढी काळजी घेणाऱ्या या मुलांच्या स्वतःच्या प्रकृतीकडे मात्र कोणाचे लक्ष जाते असे दिसले नाही. पर्यटक एकदा खाली जातो, प्रशिक्षक दिवसभर वरखाली करत राहतो. खोली कमी असल्यामुळे दाबाखालच्या श्वासातून शरीरात साठणारा नायट्रोजन फारसा नसतो, पण प्रत्येक फेरीत कानांना तोच ताण सोसावा लागतो, अंग गारठते आणि दुपारपर्यंत थकवा येतो. थकलेल्या माणसाची नजर आधी मंदावते, आणि देखरेखीचे सगळे काम नजरेवर चालते. दिवसाच्या फेऱ्यांवर मर्यादा हवी, ती पर्यटकाइतकीच प्रशिक्षकासाठीही हवी.

होडी चालवणारा तांडेल हाही देखरेखीचा भाग असतो. खाली माणसे असताना बुडबुडे कुठे येतात यावर त्याचे लक्ष हवे आणि इंजिनाचा पंखा फिरता कामा नये. शेजारची होडी सरकताना आमच्या खलाशाने इंजिनाकडे हात नेला, तेव्हा प्रशिक्षक शिडीवरूनच ओरडला, "मशीन बंद ठेव रे, माणसां खाली आसत!" मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर परतीच्या वाटेतही लाइफ जॅकेट असलेच पाहिजे आणि निघण्यापूर्वी डोकी मोजलीच पाहिजेत, यात कोणतीही सवलत नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रमाणपत्र असलेल्या डायव्हरांबरोबर जरा खोल खडकांकडे गेलो. त्यांना धरून न्यावे लागत नाही, म्हणून त्यांची देखरेख सोपी असे वाटते. मला ती अधिक अवघड वाटली. ओपन वॉटर हे डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंत जाऊ देते, पण ते पाच वर्षांपूर्वी मिळवले आणि नंतर पाण्याला पाय लावला नाही, असे दोघे त्यांत होते. त्यांची पहिली काही मिनिटे उथळात घालवून, वजनाचा पट्टा जड झाला आहे का हे पाहूनच प्रशिक्षकाने पुढे नेले. सुमारे 200 बार (हवेच्या दाबाचे एकक) दाबाने भरलेल्या टाकीत 100 उरले की खूण करायची आणि 50 शिल्लक असतानाच पृष्ठभागावर यायचे, असे ठरले होते, तरीही तो आकडा स्वतःहून विचारत होता, कारण नवा डायव्हर दाबाचा काटा पाहायला विसरतो आणि धडपडीत हवाही जास्त संपवतो. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचे आणि नंतर दोघांनीही वर यायचे, हे होडीवरच पक्के केलेले होते. साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबलो, तेव्हा ओढ किंचित वाढली होती आणि नांगराचा दोर सर्वांना उपयोगी पडला.

संध्याकाळी कोल्हापूरकडचे तिघे रात्रीच आंबोली घाटाने परत निघायच्या तयारीत होते. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाइव्हनंतर विमानप्रवास टाळायचा हे त्यांना ठाऊक होते, घाटाचा विचार त्यांनी केला नव्हता. डाइव्हनंतरच्या विमानप्रवासाची मार्गदर्शक तत्त्वे सुमारे 610 मीटरपासूनच्या उंचीला लागू होतात आणि आंबोली 690 मीटरच्या आसपास आहे; एकच डाइव्ह असेल तर 12 तास आणि एकाहून अधिक असतील तर 18 तास थांबावे असे त्यांत म्हटले आहे. त्यांच्या दोन डाइव्ह झाल्या होत्या आणि दुसरी दुपारी दोनच्या सुमारास संपली होती, त्यामुळे प्रशिक्षकाने बोटांवर हिशेब करून सकाळी आठनंतर निघायला सांगितले. त्यांनी खोली आणखी एका रात्रीसाठी ठेवली, आणि मीही माझे निघणे दुसऱ्या दिवसावर ढकलले.