पिकअपला बाजारातला क्लच बसवताना

बेळगावातून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या पिकअपचा क्लच लवकर का जातो, ते घाटात बघितलं की कळतं. वळणावर पुढचा ट्रक थांबला की ड्रायव्हर हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर भरलेली गाडी धरून ठेवतो. चिकोडीकडे उसाच्या फडातून ओल्या मातीतली गाडी काढतानाही तेच होतं. क्लचच्या थाळीचं (क्लच प्लेटचं) लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घर्षणाचा थर, तिथंच जळतं.

तरी आधी खरंच थाळी गेलीय का ते बघा. गिअर पडत नाही, घासतो, एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवू नका. हायड्रॉलिक क्लचमध्ये त्याचं कारण बऱ्याचदा स्लेव्ह सिलिंडरची (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) गळती किंवा लाइनमधली हवा असते. क्लच स्लिप होत असेल तर चढाला रेस वाढते, स्पीड वाढत नाही आणि जळका वास येतो. पेडल दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटणारं बेअरिंग) संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबलं की थांबतो, तेव्हा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासायला हवं. ते गेलं असेल तर नवा क्लच घालून आवाज जाणार नाही.

बाजारातून क्लचचा सेट घेताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं, त्यामुळं एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षाप्रमाणे इंजिन वेगळं असू शकतं. चेसिस नंबर द्या. जुनी थाळी निघाली की व्यास, हबच्या (थाळीचा मधला भाग) आतल्या स्प्लाइनचे दात आणि हबची उंची नव्याशी ताडून बघा. नवी थाळी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवा. ती अडकायला नको आणि डुगडुगायलाही नको. हे न बघता बसवलं आणि थाळी अडली, तर नवा क्लच सुटतच नाही.

उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर रंगाची खूण करा, नाहीतर नंतर गाडी थरथरते. बाहेरून बसणारा स्लेव्ह सिलिंडर पाइप न सोडता तारेने बाजूला बांधून ठेवा, आणि तो बाहेर असताना कोणी पेडल दाबू नये, पिस्टन निसटतो. गिअरबॉक्स ओढताना जॅकवर सरळ धरा. त्याचं वजन थाळीच्या हबवर लोंबकळलं तर थाळी वाकते.

मजुरी सगळी गिअरबॉक्स खाली घेण्याची असते. म्हणून तो खाली असताना जे करता येतं ते सगळं करूनच घ्या. रिलीज बेअरिंग आणि इनपुट शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग बदलाच. बेल हाउसिंगमध्ये (क्लच झाकणारं गिअरबॉक्सचं पुढचं आवरण) तेल दिसलं तर क्रँकचं मागचं किंवा गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील आत्ताच बदला. नव्या लायनिंगवर तेल पडलं की क्लच धक्के मारतो, आणि ते लायनिंग धुऊन पूर्वीसारखं होत नाही. फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, ज्याला थाळी चिकटते) निळे डाग किंवा चरे असतील तर बेळगावच्या उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. पायरीचं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच कमी करायला सांगा. मोठ्या भेगा असतील तर बदलावंच लागेल. डबल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असेल तर ग्राइंडिंगला देऊच नका.

खानापूरकडच्या गाड्यांत रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचं रबर बूट फाटलेलं असेल तर बेल हाउसिंगमध्ये तांबडा चिखल घट्ट बसलेला दिसतो. हात घालून तो खरवडून काढा, फोर्कचा पिव्हट (तो ज्यावर हलतो तो टेकू) पुसून ग्रीस लावा आणि नवं बूट घाला. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली की थाळी फ्लायव्हीलला गंजून चिकटते, त्यात या फाटक्या बुटाचाही हात असतो.

बसवताना नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक थर ब्रेक क्लिनरने पुसा. रिलीज बेअरिंग डिझेलने धुऊ नका, आतलं ग्रीस जातं. थाळीवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसवू नका. स्प्लाइनवर मुगाएवढंच ग्रीस लावा आणि जास्तीचं पुसा. फिरताना ते लायनिंगवर उडतं. डमी शाफ्ट (इनपुट शाफ्टसारखा तात्पुरता दांडा) घालून थाळी मधोमध ठेवा, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत या. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतं, पण कंपनीचा आकडा मिळाला तर तोच पाळा.

गिअरबॉक्स हाताच्या जोरावरच इंजिनला भिडला पाहिजे. फट राहिली तर मध्य चुकलाय, पुन्हा मागे घ्या. बोल्टने ओढून भिडवला की हाउसिंगचा कान तुटतो किंवा हब वाकतो. शेवटी क्लच फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच फ्लुइड घालून हवा काढा.

पहिले ५०० किलोमीटर जास्त माल भरू नका आणि भरलेली गाडी घाटात घेऊ नका. लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांना जुळायला तेवढा वेळ लागतो. केबलचा क्लच असेल तर त्यानंतर पेडलचा मोकळा खेळ पुन्हा बघा. लायनिंग घासलं की तो कमी होतो, आणि शून्य झाला तर रिलीज बेअरिंग सतत फिरत राहून क्लच पुन्हा स्लिप व्हायला लागतो.