रंग वेगळा म्हणजे प्रोटोटाइप नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी अमेरिकेत राहतो आणि जुन्या रशियन रायफलींची मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायचे डबे, जमवतो (भारतात या फंदात पडू नका, आर्म्स अॅक्टमध्ये हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोजतात), त्यामुळे सारखं कुणीतरी फोटो टाकतं, दादा रंग जरा वेगळा आहे, प्रोटोटाइप (उत्पादनाआधी बनवलेला चाचणीचा नमुना) असेल का हो?

बहुतेक वेळा नसतं. रंगावर तर अजिबातच जाऊ नका. एके-७४ या रशियन रायफलचं ते नारिंगी मॅगझीन म्हणजे काचेचे तंतू घातलेलं फिनॉलिक रेझिन, एक प्रकारचं कडक प्लास्टिक, सगळे बेकलाइट म्हणतात ते, आणि लॉट बदलला की छटा बदलते, कधी झेंडूसारखी तर कधी पार चॉकलेटी.

मी आधी साचा बघतो. दोन अर्धुकं वेगवेगळी दाबून काढून मग चिकटवलेली असतात, ती जोडाची रेघ दिसते, आणि अंगावर उठून आलेला इझेव्स्कच्या कारखान्याचा त्रिकोणातला बाण नाहीतर तुला गावच्या कारखान्याचा तारा. ही खूण साच्यातच कोरलेली असते, म्हणजे कुणीतरी खर्च करून पोलादी साचा बनवलाय, आणि तो काय दहा-वीस नगांसाठी बनवतात होय? खूण नसली तरी लगेच नाचू नका, घासून काढलेली असू शकते. भिंग घेऊन बघा, घासलेल्या जागी तंतू उघडे पडलेले दिसतात, आजूबाजूला मात्र चकचकीत. शाईच्या शिक्क्यांवर माझा फारसा भरवसा नाही, ते आज घरी बसून कुणीही मारेल.

दुसरा घोळ म्हणजे दुर्मिळ म्हणजे प्रोटोटाइप असं धरून चालतात. अॅल्युमिनियमचं चौकटी-चौकटीचं, वॉफल म्हणतात ते मॅगझीन घ्या, पत्र्याचं साधारण ३३० ग्रॅम भरतं तर हे १७० च्या आसपास, पण पोचे पडायचे म्हणून मागे पडलं. तरी ते रीतसर प्रॉडक्शनचंच. याउलट ६एल३१, ६० गोळ्यांचं, आत चार ओळी आणि वर येईपर्यंत दोन, त्याला अधिकृत नंबर मिळाला पण नग थोडेच निघाले, तर त्याला मी ट्रायल लॉट म्हणतो, प्रोटोटाइप नाही.

आणि विकणारा म्हणाला ना, की कारखान्यातल्या माणसाकडून आलंय, तर सरळ कागद मागा. कागद नसेल तर साध्या मॅगझीनचा भाव द्या, पटलं तर देईल.