तुम्ही विचारलंत म्हणून : निसर्गचित्राचा सराव कसा करावा?

उपजत हात नसेल तर निसर्ग पाहून चित्र काढता येईल का, आणि सराव करायचा तर नेमका कशाचा, हे दोन प्रश्न मला नेहमी एकत्रच विचारले जातात. चित्र काढता येते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी एकच झाड निवडून वर्षभर त्याच्याकडे जात राहावे.

नागपूरकरांना मी पळस सुचवतो. गोरेवाड्याच्या परिसरात तो भेटतो. हिवाळा सरताना त्याची पाने गळतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर केशरी फुले येतात आणि मग नवी पालवी फुटते. म्हणजे एकाच झाडाचा सांगाडा, फुलोरा आणि पर्णसंभार असा सगळा अभ्यास होतो. ‘पळसाला पाने तीनच’ हे आपल्याला पाठ असते, पण ती तीन पाने सारखी नसतात, मधले मोठे असते आणि बाजूची दोन देठाशी तिरकी असतात, हे कागद समोर घेतल्यावरच ध्यानात येते. सराव म्हणजे पाठ असलेले झाड बाजूला सारून समोरचे झाड पाहणे.

यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत म्हणजे फांद्या न काढता फांद्यांमधल्या आकाशाचे तुकडे काढणे. फांदी कशी असते याची प्रतिमा मनात आधीच तयार असते, आकाशाच्या तुकड्याची नसते, त्यामुळे डोळ्याला तो आकार मुकाट्याने तपासावाच लागतो. प्रमाणासाठी, म्हणजे झाडाचा एक भाग दुसऱ्याच्या किती पट आहे हे पाहण्यासाठी, पेन्सिल धरलेला हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून तिच्यावर अंगठ्याने माप घ्यावे.

साहित्य थोडेच लागते : साधी वही आणि टू-बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी, पेन्सिल. खोडरबर घरी ठेवावा, कारण चुकलेल्या रेषेशेजारीच बरोबर रेष काढली की दोहोंतला फरक दिसत राहतो. वेळ सकाळचीच निवडावी. दुपारी ऊन डोक्यावर आले की सावल्या आखडतात आणि खोडाची गोलाई हरवते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर बसणेही धोक्याचे असते.

रंगांची घाई करू नये. पळस फुलला की केशरी रंग उचलण्याचा मोह मलाही होतो, परंतु काळपट मखमली पुष्पकोश (फुलाच्या बुडाशी असलेली वाटी), त्यातून बाहेर आलेली पाकळी आणि मागचे आकाश यांतले गडद काय आणि फिकट काय, हे आधी पेन्सिलीने मांडता आले पाहिजे.