क्लोजली गार्डेडची मोजणी: सरावाच्या नोंदी, टप्पा दुसरा

बास्केटबॉलमध्ये बचावपटू अगदी जवळून अडवत असेल (क्लोजली गार्डेड), तर चेंडू असलेल्या खेळाडूला ५ सेकंदच मिळतात आणि पंच ते हाताच्या झोक्यांनी मोजतो. त्या झोक्यांचा वेग आता बसला आहे. स्टॉपवॉच सुरू करायचं, त्यावरून नजर काढायची, पाच झोके द्यायचे आणि पाचवा पूर्ण होताच थांबवायचं. आकडा ४ च्या आसपास येत असेल तर बहुधा पहिला झोका शून्यालाच दिला जातोय. तो एक सेकंद उलटल्यावर पूर्ण व्हायला हवा. नाहीतर चेंडू असलेल्या खेळाडूचा हक्काचा सेकंद जातो.

मोजणी सुरू कधी करायची, हा खरा अवघड भाग. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात चेंडू हातात धरलेला हवा आणि बचावपटू १ मीटरच्या आत, कायदेशीर स्थितीत, सक्रियपणे अडवत असायला हवा. हे कोर्टवर कुठेही लागू. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत खेळवणं) सुरू झाला की मोजणी बंद. नुसतं जवळ उभं राहणं पुरत नाही.

अमेरिकेतल्या शालेय सामन्यांचे एनएफएचएस नियम वेगळे आहेत. अंतर ६ फूट, तेही फक्त फ्रंटकोर्टमध्ये (प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडच्या अर्ध्या कोर्टात), आणि ड्रिबललाही मोजणी. धरण्याचे ५ सेकंद वेगळे, ड्रिबलचे वेगळे. त्यामुळे एकच खेळाडू धरून, ड्रिबल करून, पुन्हा धरून जवळजवळ १५ सेकंद नियमात राहू शकतो. धरण्या-ड्रिबलच्या दर टप्प्याला मोजणारा हात बदलायचा, म्हणजे नवी मोजणी सुरू झाल्याचं प्रशिक्षकालाही दिसतं. (एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सामन्यांच्या, पुरुष गटात ड्रिबलची मोजणी २०१५-१६ पासून नाही.)

व्हिडिओ थांबवून अंतर तपासताना छातीकडे बघू नका. पुढे झुकलेला बचावपटू असतो त्यापेक्षा जवळ वाटतो. माप पुढच्या पावलापासून पुढच्या पावलापर्यंत. ६ फुटांचा अंदाज हवा असेल तर फ्री थ्रोच्या वर्तुळाची त्रिज्या तेवढीच असते. मध्यावर एक पाय, कडेवर दुसरा, एवढं चित्र डोळ्यांत बसलं की झालं.

एनएफएचएसमध्ये ड्रिबलरचं डोकं आणि खांदे बचावपटूच्या पुढे गेले की मोजणी तोडायची. चेंडू हातून निसटून ड्रिबल खंडित झाला तरी तोडायची. पण बचावपटू बदलला आणि दुसरा ६ फुटांतच अडवतोय, तर तीच मोजणी पुढे चालू. इथे सवयीने पुन्हा एकपासून सुरुवात होते, आणि चांगल्या बचावाचं चीज होत नाही. पुढच्या सरावासाठी स्विचच्याच (बचावपटू बदलण्याच्या) क्लिप्स काढून ठेवल्या आहेत: आधी पूर्ण वेगाने, मग पावलं बघत संथ गतीने.